बाबा कधी येणार, हे कोणी सांगायचं?

सौदी अरेबियात राहणाऱ्या मराठी कुटुंबातला संसार मोडतो, तेव्हा त्याची नोंद बहुधा कुठल्याच कोर्टात नसते. जूनमध्ये तिथल्या भारतीय शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते. नवरा ‘अबशर’ या सरकारी अ‍ॅपवरून बायको-मुलांचा एक्झिट-रीएंट्री व्हिसा काढतो. रियाध, जेद्दा किंवा दमामहून मुंबईची तिकिटं निघतात आणि सुट्टी संपली तरी परतीची तिकिटं निघत नाहीत. व्हिसाची मुदत उलटते, इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपतो. चिपळूणला, महाडला, पुण्याला, सोलापूरला मुलांचं शाळेत नाव घातलं जातं. शेजारीपाजारी विचारतात, त्यांना सांगितलं जातं की तिकडचा खर्च परवडेनासा झाला. मुलांनाही तेच सांगितलं जातं.

हे कारण पटण्यासारखं असतं, कारण ते अर्धं खरंही असतं. जुलै 2017 पासून सौदी सरकारने परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना 100 रियाल शुल्क लावलं आणि दरवर्षी वाढवत 2020 साली ते 400 वर नेलं. बायको आणि दोन मुलं धरली तर वर्षाला 14,400 रियाल होतात, आणि ते इकाम्याच्या नूतनीकरणाबरोबर भरावे लागतात. त्या काळात कितीतरी भारतीय कुटुंबांनी बायका-मुलं गावी पाठवली. त्यातली बहुतेक घरं शाबूत राहिली, फक्त दोन देशांत वाटली गेली. पण काही घरं आतून आधीच मोडलेली होती आणि त्यांना हे शुल्क निमित्ताला सापडलं. बाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसतात. आत वाढणाऱ्या मुलालाही ती सारखीच दिसतात. सौदीतल्या आपल्या लोकांच्या घटस्फोटाचा आणि विभक्त होण्याचा विचार इथून सुरू करावा लागतो, असं माझं मत आहे. लांब असणारा बाप आणि सोडून गेलेला बाप यांतला फरक मुलाला कोणी सांगत नाही.

कोकणाला लांब असणारा बाप नवा नाही. आधी बोटीवर जाणारे खलाशी, मग मुंबईच्या गिरणीतले आणि गोदीतले चाकरमानी, आणि 1970 च्या दशकात तेलाचे भाव वाढल्यापासून आखातात गेलेले. रत्नागिरी आणि रायगडमधल्या मुसलमान वस्त्यांत, मंडणगड-दापोली-खेडपासून म्हसळा-श्रीवर्धन-मुरुडपर्यंत, बाप दुबई-कुवेत-सौदीला असणं हाच घरांचा सर्वसाधारण रिवाज. घर पैशाने चालतं, आजी-आजोबा मुलांकडे बघतात, बाप वर्षा-दोन वर्षांनी रजेवर येतो. या रिवाजाने पिढ्या जगवल्या, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण याच रिवाजाच्या आडोशाला मोडलेलं लग्न वर्षानुवर्षं झाकून ठेवता येतं. पैसे यायचे बंद होतात तेव्हा कुठे लोकांना कळतं, आणि पैसे येतच राहिले तर कधीच कळत नाही.

पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी 1970 च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांपासून एक विचार मांडायला सुरुवात केली. माणूस मेला तर घर रडतं आणि पुढे जातं. पण तो आहे की नाही हेच ठरत नसेल, तर घरातल्यांचं दुःख गोठून बसतं, त्यांना ना वाट पाहणं सोडता येतं ना शोक करता येतो. आखाती बापाच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडतं. आठ वर्षांची मुलगी ईदला किंवा गणपतीला ‘या वेळी येतील’ म्हणून वाट पाहते, आणि मोठी माणसं एकमेकांकडे बघून गप्प राहतात.

आता सौदीकडे वळू. तिथे घटस्फोट ही आता झाकण्याची गोष्ट राहिलेली नाही. 2020 साली 57,595 घटस्फोटांची नोंद झाली, आदल्या वर्षीपेक्षा 12.7 टक्क्यांनी जास्त. इतकी वर्षं कुटुंबाचे तंटे न्यायाधीश लिखित कायद्याशिवाय, हनबली पंथाच्या धर्मशास्त्राच्या आधारे सोडवत असत, त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन खटल्यांत दोन निकाल लागू शकत. मार्च 2022 मध्ये वैयक्तिक कायद्याची पहिली संहिता आली आणि त्याच वर्षी जूनपासून लागू झाली. नवऱ्याने तलाक दिला तर त्याची 15 दिवसांत नोंद करायची. आई-वडील वेगळे झाले तर मुलाचा ताबा पहिल्यांदा आईकडे, मग वडिलांकडे, मग आईच्या आईकडे, मग वडिलांच्या आईकडे. 15 वर्षं पूर्ण झालेलं मूल कोणाकडे राहायचं ते स्वतः सांगू शकतं. अठराव्या वर्षी ताबा संपतो.

याआधीची दोन पावलंही महत्त्वाची आहेत. मार्च 2018 मध्ये न्याय मंत्रालयाने ठरवलं की वाद नसेल तर आईला ताब्यासाठी दावा लावत बसावं लागणार नाही. जानेवारी 2019 पासून तलाकची नोंद झाली की बायकोला मोबाईलवर संदेश जाऊ लागला, कारण आपल्याला तलाक दिला गेला आहे हेच कित्येक बायकांना माहीत नसायचं. हा कायदा पुरेसा आहे असं मी म्हणणार नाही. ताबा आईकडे असला तरी मुलाचा पालक म्हणून शेवटचा शब्द वडिलांचाच राहतो, आणि नात्याबाहेरच्या पुरुषाशी पुन्हा लग्न केलं तर आईचा ताबा जाऊ शकतो. ह्यूमन राइट्स वॉचसारख्या संस्थांनी याच कलमांवर बोट ठेवलं आहे, आणि ते योग्यच आहे.

कायद्यापेक्षा मला तिथल्या एका व्यवस्थेने जास्त विचार करायला लावलं. पूर्वी वेगळ्या झालेल्या आई-बापांमध्ये मुलाची देवाणघेवाण पोलीस ठाण्यात होत असे. न्याय मंत्रालयाने ते काम ‘शमल’ नावाच्या केंद्रांकडे नेलं. ही केंद्रं स्वयंसेवी संस्थांच्या साथीने चालतात. मूल पोलिसांच्या देखत नाही, तर मुलांसाठी मांडलेल्या जागेत एका पालकाकडून दुसऱ्याकडे जातं. रियाधमधली ‘मवद्दा’ ही संस्था तर घटस्फोट आणि त्याचे परिणाम कमी करण्यासाठीच स्थापन झाली. 2005 पासून राष्ट्रीय कुटुंब सुरक्षा कार्यक्रम चालू आहे, मुलांसाठी 116111 ही हेल्पलाइन आहे आणि घरातल्या मारहाणीची तक्रार 1919 वर करता येते. 2013 साली अत्याचारापासून संरक्षणाचा आणि 2014 साली बालसंरक्षणाचा कायदाही झाला. आपल्याकडच्या वाचकाला हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण मुलाच्या बाजूने विचार करण्यात सौदीने गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरीच मजल मारली आहे.

मग आपल्या माणसांना याचा उपयोग का होत नाही? पहिली अडचण भाषेची. कोर्टाचं कामकाज अरबीत, ‘ताराज़ी’ हे समेटाचं आणि ‘नाजिज़’ हे न्यायसेवांचं व्यासपीठ मुळात तिथल्या लोकांसाठी घडवलेलं. दुसरी अडचण जास्त खोल आहे. बायको नवऱ्याच्या इकाम्यावर आश्रित म्हणून राहत असते. तिचं तिथलं राहणं, मुलांचं तिथलं राहणं, देशाबाहेर जाण्याचा व्हिसा, सगळं नवऱ्याच्या खात्यातून चालतं. ज्याच्याविरुद्ध दाद मागायची, त्याच्याच एका क्लिकवर आपलं राहणं अवलंबून असेल, तर कुठली बाई कोर्टात जाईल? तिसरी अडचण हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती कुटुंबांची. अबू धाबीने 2021 मध्ये मुस्लिमेतरांसाठी वेगळा कौटुंबिक कायदा केला आणि फेब्रुवारी 2023 पासून संपूर्ण अमिरातीत तशी सोय झाली. सौदीत ती नाही. तिथे शरियतवर बेतलेलाच कायदा चालतो. म्हणून ही जोडपी घटस्फोटासाठी भारतातच येतात, आणि येईपर्यंत मधली दोन-तीन वर्षं अशीच निघून जातात.

भारतात आल्यावर वाट सोपी होते असं नाही. हिंदू विवाह कायद्यात 2003 साली दुरुस्ती झाल्यापासून बायकोला ती राहते त्या ठिकाणच्या कोर्टात अर्ज करता येतो, हा मोठाच आधार. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे, असं 1956 चा कायदा सांगतो. मुसलमान कुटुंबांत कोकणी लोक बहुतेक शाफई पंथाचे, घाटावरचे हनफी, आणि ताब्याच्या वयाचे नियम दोन्हीकडे वेगळे. कोर्ट मात्र 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याच्या आधारे शेवटी मुलाचं हित बघतं. इथपर्यंत ठीक. पण सौदीत राहणारा बाप नोटीस घेत नाही, हजर राहत नाही. पोटगीचा हुकूम झाला तर तो तिकडे वसूल कसा करायचा? परदेशी कोर्टांचे हुकूमनामे परस्पर अमलात आणण्यासाठी भारताने ज्या देशांची यादी केली आहे, त्यात 2020 साली अमिरातीची भर पडली, सौदी त्यात नाही. मुलाला एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेण्याबद्दलच्या 1980 च्या हेग करारात दोन्ही देश नाहीत. भारताने त्यात जावं का, हे पाहण्यासाठी न्यायमूर्ती राजेश बिंदल यांची समिती नेमली होती, तिचा अहवाल 2018 मध्ये आला, आणि पुढे काही झालं नाही. परदेशस्थ भारतीयांच्या लग्नांबद्दल विधी आयोगाने फेब्रुवारी 2024 मध्ये 287 वा अहवाल दिला, तोही अजून कागदावरच आहे.

मुसलमान बायकांच्या वाट्याला यात आणखी एक गोष्ट आली होती. फोनवरून, पत्रातून, नंतर व्हॉट्सअ‍ॅपवरून तीनदा तलाक म्हणणं आखाती नोकरीमुळे फार सोपं होऊन बसलं. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत हमीद दलवाईंनी सात मुसलमान बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तो याच प्रथेविरुद्ध. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. ज्या पट्ट्यातून पुढे गावंच्या गावं आखातात गेली, तिथल्याच माणसाने हा प्रश्न पहिल्यांदा रस्त्यावर आणला. 22 ऑगस्ट 2017 रोजी शायरा बानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला आणि 2019 च्या कायद्याने तो गुन्हा झाला. पण नवरा जर जेद्दाला असेल आणि त्याने तलाक न देताच नांदवणं सोडून दिलं असेल, तर हा कायदा बाईच्या काय कामाचा? ती ना सोडलेली, ना नांदणारी. इद्दत नाही, मेहेर नाही, दुसरं लग्न नाही. अशा बाईसाठी 1939 च्या कायद्याने फार पूर्वी दार उघडून ठेवलं आहे. नवऱ्याने दोन वर्षं पोसलं नाही तर तिला कोर्टातून लग्न रद्द करून घेता येतं. हे दार कितीजणींना माहीत आहे, असा प्रश्न कोकणातल्या कुठल्याही जमातीच्या बैठकीत विचारून पाहावा.

आता मुलांबद्दल. घटस्फोटाने मुलांचं काय होतं, यावर जगात सर्वांत जास्त काम अमेरिकेत झालं, आणि तिथली घरं आपल्यासारखी नाहीत हे मनात ठेवूनच ते वाचावं. ज्युडिथ वॉलरस्टीन आणि जोन केली यांनी कॅलिफोर्नियातल्या 60 कुटुंबांतल्या 131 मुलांचा पाठपुरावा केला आणि 1980 साली पुस्तक लिहिलं. त्यातली मला सर्वांत बोचलेली गोष्ट अशी की सगळ्यात लहान मुलांपैकी बहुतेकांना आई-बापांनी नीट काही सांगितलंच नव्हतं. एक दिवस सकाळी उठून पाहिलं तर बाप घरात नव्हता. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी व्हर्जिनियात अनेक वर्षं कुटुंबं पाहिली आणि चित्र इतकं काळं नाही हे दाखवलं. घटस्फोट झालेल्या घरांतल्या साधारण चार-पाचातल्या एका मुलाला गंभीर अडचणी राहतात, एकत्र घरांत हेच प्रमाण दहात एक असं असतं. म्हणजे धोका दुपटीने वाढतो, पण बहुसंख्य मुलं सावरतात. पॉल अमाटो यांच्या कामातून आणखी एक गोष्ट कळली. घरात सतत कडाक्याची भांडणं असतील तर आई-बाप वेगळे झाल्यावर मुलांचं बरंच होतं. मुलाला मोडतं ते मुख्यतः भांडण, आणि वेगळं झाल्यावरही चालूच राहिलेलं भांडण.

रियाधमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये या भांडणाला वेगळीच धार येते. जून 2018 पर्यंत तिथे बाईला गाडी चालवता येत नव्हती. माहेर नाही, मावशी नाही, शेजारीण केरळची किंवा पाकिस्तानची, मैत्री झाली तरी घरातलं सांगण्याइतकी नाही. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस अंश, मुलांना खाली खेळायला सोडायचीही सोय नाही. नवरा-बायको भांडतात तेव्हा मुलं त्याच चार भिंतींत असतात. गावच्या घरात निदान आजी उठून मुलाला परसात घेऊन जाते. म्हणून आईबरोबर गावी आलेल्या काही मुलांना सुरुवातीला हायसं वाटतं, ती मोकळी खेळतात, वजन वाढतं. घरचे म्हणतात, बघा, पोरगं रमलं. मग चार-सहा महिन्यांनी तेच मूल रात्री अंथरूण ओलं करू लागतं, शाळेत मारामारी करतं किंवा गप्प होतं, तेव्हा त्याचा संबंध बापाशी कोणी लावत नाही.

माझ्या मते सर्वांत आधी द्यायची मदत म्हणजे सांगणं. दोघांनी मिळून सांगितलं तर उत्तम, निदान फोनवर दोघं एका वेळी असावेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं: ‘बाबा आणि मी आता एका घरात राहणार नाही. आमचं दोघांचं पटलं नाही. तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही. बाबा रियाधलाच राहतील, तू माझ्याबरोबर आजीकडे राहशील, शाळा इथेच. ते दर शुक्रवारी फोन करतील आणि मे महिन्यात भेटतील.’ शेवटचं वाक्य खरं करता येणार नसेल तर ते बोलू नये. मुलाला खोटं आश्वासन देण्यापेक्षा ‘मे महिन्याचं अजून ठरलं नाही, ठरलं की तुला सांगीन’ हे सांगितलेलं बरं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त हवं असतं. शाळा बदलणार का, पैसे कुठून येणार, अब्बांनी दुसरं लग्न केलं आहे का. ते विचारेल तेवढं खरं सांगावं, त्यापलीकडचे तपशील आणि आरोप त्याच्या गळ्यात घालू नयेत. वयात आलेल्या मुलीकडे आई मन मोकळं करते, ते समजण्यासारखं आहे, पण तो भार मुलीचा नाही.

आणि फोन. यावर थोडं थांबतो, कारण सौदीतल्या बापाचं बापपण बहुतांशी फोनवरच उरतं. सप्टेंबर 2017 मध्ये सौदीने इंटरनेटवरून बोलण्याच्या अ‍ॅपवरची बंदी उठवली, तेव्हापासून व्हिडिओ कॉलची सोय बरीच सुधारली, तरी कुठलं अ‍ॅप कधी चालेल याचा नेम नसतो. घड्याळ अडीच तासांनी मागे. सुट्टी तिकडे शुक्रवार-शनिवार, इकडे रविवार. बाप रविवारी सकाळी कामावर असतो तेव्हा मुलगा घरी मोकळा बसलेला असतो, आणि बापाचा शुक्रवार मुलाच्या शाळेत जातो. मेळ बसतो तो शुक्रवारी दुपारी. जुम्म्याची नमाज आटोपून, जेवून बाप दीड वाजता फोन लावतो तेव्हा इकडे चार वाजलेले असतात. मूल शाळेतून आलेलं, क्लासला जायला तास असतो. एवढा एक तास ठरवून राखला, त्या वेळी आजोबांनी टीव्ही बंद ठेवला, आईने फोन देऊन दुसऱ्या खोलीत जायचं पाळलं, आणि बापाने ‘आई काय करते, कोण येतं घरी’ हे विचारणं सोडलं, तर तो फोन टिकतो. ‘जेवलास का, अभ्यास कसा चाललाय’ यावर दोन मिनिटांत बोलणं संपतं आणि मूल कंटाळतं, अशी तक्रार बरेच बाप करतात. त्यावर उपाय साधा आहे. मुलाच्या वहीचं पान फोनसमोर धरून दोघांनी गणित सोडवायचं. बापाने आपल्या खोलीत अंडं कसं परततो ते दाखवायचं. क्रिकेटची मॅच दोघांनी दोन्हीकडे लावून बघायची. 2020 साली यशिता साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की लांब राहणाऱ्या पालकाला फोन, ईमेल, व्हिडिओ कॉलवरून मुलाशी संपर्काचा हक्क द्यावा, आणि तो मुलाचाही हक्क आहे. म्हणजे हा शुक्रवारचा तास कोर्टाच्या हुकमात लिहून घेता येतो.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. मूल सौदीहून निघालं ते दोन महिन्यांच्या सुट्टीची बॅग घेऊन. त्याची सायकल, चित्रांच्या वह्या, शाळेतलं पदक, मित्राने दिलेली गाडी तिकडेच राहिली. बाप फ्लॅट सोडतो, चार जणांच्या खोलीत राहायला जातो, सामान विकतो किंवा टाकतो. मुलाला विचारून त्याच्या पाच-सहा वस्तू एका खोक्यात भरून कार्गोने पाठवायला फार पैसे लागत नाहीत. आई-बाप बोलत नसतील तर काका-मामाने हे काम अंगावर घ्यावं.

मोठ्यांचंही ओझं आहे. माहेरी परतलेली बाई बहुतेकदा कमावती नसते. तिचं शिक्षण असतं, पण दहा वर्षांची नोकरीची फट असते. भावजयीच्या घरात मुलांसह राहायचं, वर ‘काहीतरी तुझंच चुकलं असेल’ हे ऐकायचं. बाप तिकडे एकटा. वीस जणांच्या कॅम्पात किंवा भाड्याच्या खोलीत त्याचं हे दुखणं ऐकायला कोणी नसतं, पुरुषाने यावर बोलायचंच नसतं असा सगळ्यांचा समज. काहीजण त्यामुळेच मुलांपासून तुटतात. रागाने नव्हे, लाजेने. पैसे पाठवता आले नाहीत की फोन करायला तोंड राहत नाही, फोन टळला की पुढचा फोन आणखी जड होतो. अशा बापाला ‘पैसे नसले तरी फोन कर’ हे सांगणारा एखादा मोठा भाऊ, चाचा किंवा मित्र हवा. दोघांपैकी कोणी भारतात असेल तर 14416 या मानसिक आरोग्याच्या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे.

मदत करणाऱ्या यंत्रणा आपल्याकडे आहेत, त्या एकमेकींशी जोडलेल्या नाहीत एवढंच. महाराष्ट्रात 1989 पासून पुणे आणि मुंबईत कौटुंबिक न्यायालयं सुरू झाली, तिथे विवाह समुपदेशक नेमलेले असतात. मुंबईत 1984 पासून टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस ठाण्यांत महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केले, ते पुढे राज्यभर पसरले. 2007 मध्ये उभं राहिलेलं भारतीय मुस्लिम महिला आंदोलन, दलवाईंनी 1970 मध्ये स्थापन केलेलं मुस्लिम सत्यशोधक मंडळ या संघटनांकडे बायका जातात. परराष्ट्र खात्याचा भारतीय समुदाय कल्याण निधी 2009 पासून आहे, त्यातून संकटातल्या बायकांना कायद्याची मदत मिळू शकते. राष्ट्रीय महिला आयोगात त्याच वर्षापासून परदेशस्थ भारतीयांच्या लग्नांसाठी कक्ष आहे. पण हे सगळं बाईच्या बाजूने, तक्रार झाल्यावर हलतं. मुलाचं काय चाललं आहे, हे विचारणारी जागा यात कुठेच नाही. मुलाच्या पासपोर्टचं नूतनीकरण आलं की अडचण उघडी पडते. नेहमीच्या अर्जाला आई-वडील दोघांच्या सहीचं परिशिष्ट ‘ड’ लागतं. एक पालक सही देत नसेल तर परिशिष्ट ‘क’ भरून एकटीला अर्ज करता येतो, हे आईला बऱ्याचदा एजंटकडून पैसे मोजून कळतं.

गावातली जमात, भावकी, मशिदीची कमिटी यांनी समेटाची कामं पिढ्यान्‌पिढ्या केली आहेत, आणि समेट होत असेल तर त्याहून चांगलं काय? पण या बैठकीत दोन घरांची अब्रू आणि देणंघेणं एवढंच बोललं जातं. रॉबर्ट एमेरी या अभ्यासकाने व्हर्जिनियात कोर्टात गेलेल्या काही जोडप्यांना मध्यस्थीकडे वळवलं आणि बारा वर्षांनी पुन्हा पाहिलं. अवघ्या काही तासांच्या मध्यस्थीने वेगळं राहणाऱ्या पालकाचा मुलांशी संबंध कोर्टात भांडलेल्या जोडप्यांपेक्षा कितीतरी जास्त टिकला होता. त्या मध्यस्थीत लग्न का मोडलं याचा निवाडा करत बसले नाहीत, मुलाचं पुढे कसं चालवायचं एवढंच बोलले. जमातीच्या बैठकीतही मेहेर आणि दागिन्यांच्या यादीखाली मुलाच्या फोनचा, सुट्टीचा, फीचा आणि तिकिटाचा असा एक कागद झाला तर तिची ताकद मुलाच्या कामी येईल.

परस्परसंमतीच्या घटस्फोटातही हीच संधी असते. सप्टेंबर 2017 मध्ये अमरदीप सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांची थांबण्याची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येईल असं ठरवलं, व्हिडिओवरून हजेरीला आणि जवळच्या नातेवाइकाने बाजू मांडायलाही वाट मोकळी केली. सौदीतल्या नोकरदाराला यासाठी नोकरी सोडून यावं लागत नाही. त्याच संमतीपत्रात मुलाबद्दलची कलमं घालता येतात. सौदी कामगार कायद्यात वर्षाला 21 दिवसांची आणि पाच वर्षांनंतर 30 दिवसांची रजा आहे. महाराष्ट्रातल्या शाळेची सुट्टी मेमध्ये, तिकडच्या भारतीय शाळांची जुलै-ऑगस्टात. बापाने रजा मेमध्येच मागावी, तिकिटाचा खर्च कोणाचा, मूल किती दिवस त्याच्याकडे, आजी-आजोबा कधी भेटणार, आजारपणात कोणाला किती तासांत कळवायचं, हे सगळं तिथेच लिहावं. सौदीत तलाक किंवा खुला (बायकोने मागून घेतलेला घटस्फोट) झाला असेल तर तिथल्या कागदावर आता अपोस्टिलचा शिक्का मिळतो, कारण डिसेंबर 2022 पासून सौदी अपोस्टिल करारात आहे, आणि ते कागद भारतात दाखवणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे.

हे सगळं कोणी सांगायचं? माझ्या डोळ्यांसमोर एकच जागा येते. सौदीतून मूल कायमचं गावी जात असेल तर त्याला शाळेचा दाखला, म्हणजे टीसी, काढावा लागतो. रियाध, जेद्दा, दमामच्या इंटरनॅशनल इंडियन स्कूलमध्ये असो वा खाजगी शाळेत, प्रत्येक कुटुंब त्या खिडकीपाशी येतंच. इकडे महाराष्ट्रातल्या शाळेतही नाव घालताना ती टीसी मागितली जाते. सीबीएसईच्या शाळांमध्ये समुपदेशक असावेत असा मंडळाचाच नियम आहे. त्या खिडकीवर आई किंवा बाप आला की समुपदेशकाने दहा मिनिटं बसवून विचारावं की मुलाला काय सांगितलं आहे, बाप कधी भेटणार आहे, आणि दूतावासाचा, महिला आयोगाचा, 1098 चा क्रमांक असलेला एक मराठी-उर्दू-मल्याळम कागद हातात द्यावा. रियाधचा दूतावास आणि जेद्दाचा वाणिज्य दूतावास या शाळांशी बांधलेले आहेत, हे काम ते एका परिपत्रकाने सुरू करू शकतात. महाराष्ट्रातल्या शाळेने नाव घालताना वडिलांच्या रकान्यात नुसतं ‘सौदी’ लिहून घेण्याऐवजी एक ओळ जास्त विचारावी, वर्गशिक्षकाला कळवावं, आणि पहिल्या सहामाहीत त्या मुलाकडे लक्ष ठेवावं. यासाठी नवा कायदा लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही.